द चेसर (चुग्योकजा)

दक्षिण कोरियातील गुन्हेपट. प्रदर्शन १४ फेब्रुवारी २००८. ना होंग-जिन यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. पटकथेतही त्यांचा वाटा आहे. छायालेखन ली सोंग-जे यांचे. प्रमुख कलाकार किम युन-सॉक, हा जंग-वू, सो यंग-ही आणि बालकलाकार किम यू-जंग. लांबी सुमारे दोन तास पाच मिनिटे. सिरियल किलरवरच्या कोरियन चित्रपटांचा विषय निघाला की बोंग जून-हो यांच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) पाठोपाठ याचेच नाव घेतले जाते. या नोंदीत कथानक शेवटापर्यंत सांगितले आहे.

कथेला यू यंग-चल प्रकरणाचा आधार आहे. सोलमध्ये २००३-०४ या काळात यूने आधी सधन वस्त्यांतल्या वृद्धांचे खून केले. नंतर फोन करून बोलावलेल्या, मसाज पार्लरमध्ये काम करणाऱ्या स्त्रिया त्याच्या बळी ठरल्या. एकाच नंबरवरून फोन येतो आणि त्यानंतर मुली परत येत नाहीत, हे पार्लरचालकांच्या ध्यानात आले आणि जुलै २००४ मध्ये यू पकडला गेला. कोठडीत फेफरे आल्याचे सोंग करून तो थोड्या काळासाठी पळालाही होता. २० खुनांसाठी त्याला २००५ मध्ये फाशीची शिक्षा कायम झाली. कोरियात १९९७ नंतर कोणालाही फाशी दिलेली नाही. ना होंग-जिन यांनी या प्रकरणातून दोन गोष्टी उचलल्या, फोन नंबरचा धागा आणि पोलिसांच्या हातून निसटलेला आरोपी. बाकीची कथा त्यांनी स्वतंत्रपणे रचली आहे.

पोलीस खात्यातून बाहेर पडलेला ऑम जुंग-हो आता वेश्याव्यवसायात दलाली करतो. त्याच्याकडच्या मुली एकेक करून बेपत्ता होत आहेत. कुणीतरी त्या परस्पर विकतो आहे, असा त्याचा समज, आणि त्याला चिंता आहे ती बुडालेल्या उचलीची. त्याच्याकडच्याच, तापाने फणफणलेल्या मि-जिनला तो दमदाटी करून एका गिऱ्हाइकाकडे पाठवतो आणि मग त्याच्या लक्षात येते की ज्या नंबरवरून आधीच्या मुलींना बोलावणे आले होते तोच हा नंबर, शेवटचे आकडे ४८८५. घरात शिरलीस की न्हाणीघरात जाऊन पत्त्याचा एसएमएस कर, असे तो तिला सांगतो. न्हाणीघरात रेंज नाही. खिडकी उघडावी तर पलीकडे विटांची भिंत. चित्रपटातला हा पहिला मोठा धक्का, आणि तो बसतो तेव्हा रक्ताचा थेंबही सांडलेला नसतो.

पुढे येते ती या पटकथेतली सर्वात धाडसी चाल. मि-जिनवर घाव घातले जात असतानाच घरमालकाला शोधत चर्चमधले एक जोडपे दारात येते. खुनी त्यांनाही मारतो, त्यांची गाडी दूर नेऊन टाकायला निघतो आणि अरुंद गल्लीत जुंग-होच्या गाडीला धडकतो. शर्टावर रक्त आहे. जुंग-हो तो नंबर फिरवतो आणि समोरच्याच्या खिशातला फोन वाजतो. चित्रपटाचा पहिला अर्धा तास होतो न होतो तोच खुनी, जी यंग-मिन, सापडलेला असतो, आणि पोलीस ठाण्यात बसून तो खुनांची कबुलीही देतो, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा सहज सुरात. ती मुलगी अजून जिवंत असेल, हेही तोच सांगतो. ‘खुनी कोण’ या प्रश्नावर बहुतेक रहस्यपट उभे असतात. तो प्रश्न इथे निकालात निघतो आणि उरतो एकच, ते घर कोणते? आरोपीला बारा तासांहून जास्त काळ डांबून ठेवता येणार नाही आणि हाती पुरावा नाही.

घराचा शोध हा चित्रपटाचा गाभा. जुंग-होजवळ किल्ल्यांचा एक जुडगा आहे आणि मांगवन-दोंग या भागाचे नाव. तो आणि त्याचा हाताखालचा पोऱ्या रात्रभर दारोदार फिरून त्या किल्ल्या कुलपांना लावून पाहतात. प्रत्यक्षातले मांगवन-दोंग हान नदीकाठचे, बरेचसे सपाट. पडद्यावर दिसतात त्या चढ-उताराच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या, विटांच्या कुंपणांतून वळणाऱ्या गल्ल्या. ली सोंग-जे यांचा कॅमेरा तिथे माणसांच्या मागे धावतो, धापा टाकतो. यातले पाठलाग बहुतांशी पायी आहेत. पळणारे दमतात, घसरतात, पडतात. एरवी पाठलाग म्हणजे गाड्यांचा चुराडा; इथे माणसाचा श्वास ऐकू येतो, आणि हे फार मोलाचे आहे.

किम युन-सॉक यांनी जुंग-होला कुठेही गोड केलेले नाही. तो शिवराळ, हात उगारणारा, स्वार्थी राहतो. मि-जिनची सात-आठ वर्षांची मुलगी अन-जी गळ्यात पडल्यावरही त्याचे एकदम मतपरिवर्तन होत नाही; पैशांचा हिशेब कधी संपला आणि अपराधाची टोचणी कधी सुरू झाली, ते नेमके दाखवता येत नाही. अभिनयाची खरी उंची इथे आहे. हा जंग-वू यांचा खुनी किरकोळ अंगाचा, मवाळ चेहऱ्याचा आणि थोडा ओशाळलेला. त्याच्या हातोडी-छिन्नीपेक्षा त्याच्या निरागस हसण्याचीच भीती जास्त वाटते.

पोलिसांचे चित्रण कठोर आहे. शहराच्या महापौरावर बाजारात कुणीतरी विष्ठा फेकलेली असते आणि सगळी यंत्रणा ती नाचक्की झाकण्यात गुंतलेली. सिरियल किलर पकडल्याचे श्रेय त्यासाठी हवे आहे, बेपत्ता बाईचा शोध मात्र कुणालाच तातडीचा वाटत नाही. शेवटी आरोपीला मारहाण झाली आणि पुरावा नाही, म्हणून सरकारी वकील त्याला सोडायला लावतो. मि-जिन वेश्या नसती तर ही रात्र वेगळी गेली असती, हा आरोप चित्रपट एकाही भाषणाशिवाय करतो.

दोषही मोठे आहेत आणि त्यांतला सर्वात मोठा नेमका सर्वाधिक गाजलेल्या प्रसंगात आहे. मि-जिन दोर सोडवून घेते, रक्तबंबाळ अवस्थेत कोपऱ्यावरच्या दुकानात पोहोचते, दुकानदारीण तिला आत लपवते. सुटलेला यंग-मिन सिगारेट घ्यायला त्याच दुकानात येतो. बिचारी बाई त्यालाच सगळे सांगते आणि सोबतीला थांबायची विनंती करते. प्रसंगाची रचना अचूक आहे; प्रेक्षकाला सगळे ठाऊक आणि बाईला काहीच नाही, यातून निर्माण होणारा ताण असह्य होतो. पण तो उभा राहावा म्हणून किती गोष्टी जुळवून आणल्या आहेत! बाहेर गस्तीचे पोलीस गाडीत झोपलेले, पाळतीवरची महिला पोलीस ऐन वेळी मागे पडलेली, आणि खुन्याला सिगारेट हवी ती याच दुकानातली. तोवर प्रत्येक अपयशाला माणसाचा आळस किंवा व्यवस्थेची बेपर्वाई कारण होती; इथे लेखकाचा हात दिसतो. शिवाय मि-जिनला जिवंत ठेवून, सोडवून, पुन्हा मारण्यात आणि मग तिचे शिर मत्स्यपेटीत दाखवण्यात जी क्रूरता आहे, तिने कथेला नवे काहीच मिळत नाही. सो यंग-ही यांच्या वाट्याला वेदनेपलीकडे फारसे आलेले नाही. जिच्या दुर्लक्षित आयुष्याबद्दल चित्रपटाला एवढी चीड आहे, तिचे स्वतःचे म्हणणे त्याने पुरेसे ऐकलेले नाही. खुन्याच्या नपुंसकत्वाची मीमांसा करणारा चौकशीचा प्रसंगही बाळबोध वाटतो.

चित्रपटाची कोरियात ५० लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. नवख्या दिग्दर्शकाच्या एवढ्या हिंसक चित्रपटासाठी हा आकडा असाधारण होता. २००८ च्या कान महोत्सवात तो स्पर्धेबाहेरच्या मध्यरात्रीच्या विभागात दाखवला गेला. त्याच वर्षी ग्रँड बेल पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता (किम युन-सॉक) हे मान त्याला मिळाले. ना यांनी ‘द यलो सी’ (२०१०) मध्ये हीच अभिनेत्यांची जोडी घेतली, आणि याही वेळी पळणारा हा जंग-वूच होता. ‘द वेलिंग’ (२०१६) मध्ये ते खेड्यातल्या भुताखेतांकडे वळले.

मोहित सूरी यांचा हिंदी ‘मर्डर २’ (२०११) गोव्यात घडतो. पोलिसातून बाहेर पडलेला नायक, बेपत्ता मुली, एकच फोन नंबर, लवकर पकडला गेलेला खुनी, हे सगळे त्यात आहे आणि हे साम्य तेव्हाच समीक्षकांनी दाखवून दिले होते. त्यात भर पडली ती गाण्यांची आणि नायकाच्या प्रेमप्रकरणाची. अन-जी मात्र वगळली गेली. त्यामुळे नायक कोणापाशी उत्तरदायी आहे हा प्रश्नच त्यात उरला नाही, आणि प्रशांत नारायणन यांचा खुनी लक्षात राहूनही तो चित्रपट मूळ कृतीच्या जवळ जात नाही. हिंदी आवृत्ती पाहिलेल्यांनी कोरियन चित्रपट अवश्य पाहावा. लहान मुलांसोबत मात्र पाहू नये.