शिकागोचा खाटीक आणि विजेची करवत

25 डिसेंबर 1865 रोजी शिकागो शहरात युनियन स्टॉक यार्ड या नावाने गुरांचा जो विस्तीर्ण बाजार उघडला, त्याच्या आश्रयाने वाढलेल्या कत्तलखान्यांत खाटकाच्या समग्र विद्येचे तुकडे विजेच्या हत्यारांचा अंमल बसण्यापूर्वीच पडले होते, हे यंत्राला दोष देणाऱ्यांनी प्रथम ध्यानी घ्यावे. अर्थशास्त्रज्ञ जॉन कॉमन्स यांनी 1904 साली केलेल्या नोंदीनुसार बैल सोलून फाडण्याच्या कामी तीसहून अधिक प्रकारचे कामगार असून मजुरीचे वीस दर होते. तासाला 16 सेंटांपासून 50 सेंटांपर्यंत.

सर्वोच्च दराचे मानकरी दोघेच: कातड्याच्या नाजूक भागी सुरी चालविणारा आणि पाठीचा कणा दुभंगणारा. टांगलेल्या धडासमोर उभे राहून, जड सत्तूर उचलून, मणक्यांच्या ऐन मध्यावर घावामागून घाव घालीत हा दुसरा कारागीर खाली उतरत येई; घाव रेषेवरून ढळला की हाडाचा चुरा होई, किरचा मांसात शिरत आणि मालाला बट्टा लागे. पुढे छतापासून तोलून टांगलेली विजेची करवत आली, तेव्हा हे कसब मनगटातून पात्यात गेले. तिने शरीरश्रम हलके केले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ज्या हुन्नराच्या बळावर तो कारागीर मालकाशी ताठ मानेने बोले, तो हुन्नरच निरुपयोगी ठरला, ही हानी मला अधिक मोठी वाटते.

गावोगावच्या दुकानदार खाटकाची पाळी त्यानंतर आली. आयोवा बीफ पॅकर्स या कंपनीने 1967 साली नेब्रास्कातील डकोटा सिटी येथे करवती व सुऱ्यांनी मांस कापून, निर्वात पिशव्यांत भरून, खोक्यांतून धाडण्यास आरंभ केला, आणि अर्धे धड दुकानी आणून गिऱ्हाईकाच्या मर्जीप्रमाणे कापून देण्याची रीत झपाट्याने मागे पडली. शिकागोचा बाजारही 1971 साली बंद झाला.

नव्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यापुढे एकच काप दिवसभर, पट्ट्याच्या वेगाने, घेत राहणाऱ्यांची मनगटे व खांदे इतके निकामी होऊ लागले की, 1990 साली अमेरिकेच्या संघ सरकारला केवळ मांसाच्या कारखान्यांसाठी त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करावी लागली.