विस्तवावरचे उन्हाळी जेवण

चैत्र-वैशाखात स्वयंपाकघर हे घरातील सर्वांत तापलेले ठिकाण असते. स्वयंपाक करणाऱ्याची तेथून लवकर सुटका व्हावी, हाच उन्हाळी जेवणाचा पहिला निकष मानायला हवा. वांगे, कांदा आणि कैरी अख्खी भाजून केलेले साधे जेवण या निकषाला उतरते. चिरणे-परतणे फारसे नाही, फोडणी लागते ती एकच.

चौघांसाठी अर्धा किलोचे एक भरिताचे वांगे, चार मध्यम कांदे, दोन कैऱ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि वाटीभर घट्ट दही पुरते. जोडीला ज्वारीच्या भाकऱ्या आणि दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर असावी.

कैऱ्या सकाळीच भाजाव्यात, म्हणजे पन्हे जेवणापर्यंत निवते. साल काळी पडून गर मऊ झाला की कैरी उतरवावी. गर काढून त्यात आंबटपणा पाहून दीडपट ते दुप्पट गूळ, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळावी. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्याला जो धुरकट वास कधीच येत नाही, तो येथे आपोआप येतो. उरलेला गर फ्रीजमध्ये काही दिवस टिकतो.

वांगे निवडताना आकाराच्या मानाने हलके लागणारे घ्यावे. त्यात बिया कमी निघतात. भाजण्यापूर्वी उभी चीर देऊन आत पाहणे आवश्यक आहे, कारण भाजल्यावर कीड ओळखू येत नाही. त्या चिरेत लसणाच्या दोन पाकळ्या खोचाव्यात, सालीला तेलाचे बोट फिरवावे आणि मध्यम आचेवर फिरवत राहावे. देठाजवळचा भागही मऊ झाला की वांगे झाकून ठेवावे. वाफेने साल सुटते. साल निघावी म्हणून ते नळाखाली धरण्याची घाई भरिताची सारी चव मोरीत घालवते.

खान्देशातील भरीत मुख्यतः हिवाळ्याचे. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील भरीत तेलाच्या सढळ फोडणीचे, कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेले. उन्हाळ्यात मात्र दह्यातले भरीत अधिक रुचते. मोहरी, हिंग आणि मिरचीची फोडणी गार करून गरावर ओतावी. दही आणि मीठ अगदी पाने वाढताना घालावे. उकाड्यात हे भरीत लवकर आंबते, तेव्हा संध्याकाळसाठी राखून ठेवू नये.

कांदे सालीसकट भाजावेत. साल काढून मीठ, भाजलेली मिरची आणि कच्चे तेल घालून ठेचले की भाकरीचे तोंडीलावणे तयार होते. एखादा कांदा कच्चाच बुक्कीने फोडावा. त्यासाठी अलिबागचा पांढरा कांदा सर्वांत चांगला. कमी तिखट, किंचित गोड असा हा कांदा उन्हाळ्यात तिकडच्या रस्त्यांवर माळांनी विकायला असतो.

शहरात हे सारे गॅसवर जाळी ठेवून होते. निखाऱ्याची चव हवी असल्यास कोळशाची शेगडी गच्चीवर किंवा अंगणातच पेटवावी. बंद फ्लॅटमध्ये किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत ती मुळीच पेटवू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि तो प्राणघातक ठरतो.

या जेवणाचा हंगाम आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला संपतो. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत त्यानंतर कांदा-वांगे बंद होते, ते मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातील भरीत होऊनच पानात परत येते.