हेरातचा किताबखाना

तैमूरचा नातू बायसुंगुर मिर्झा (१३९७–१४३३) याने हेरात येथे चालवलेली दरबारी ग्रंथनिर्मितीची कार्यशाळा. हेरात आज अफगाणिस्तानात आहे. कातिब (लेखनिक), चितारी, सोनेरी नक्षी करणारे, चौकटी आखणारे आणि जिल्दसाज (पुस्तकबांधणी करणारे) येथे एका व्यवस्थेखाली काम करीत. त्यांचा प्रमुख चितारी नव्हे, तर खुशनवीस (सुलेखनकार) जाफर तब्रीझी होता. फार्सी दरबारी पोथीचे मर्म या नेमणुकीत आहे.

पानाची मांडणी लेखनावरून ठरे. चिंध्यांच्या लगद्याच्या कागदाला खळ देऊन तो दगडाने घोटीत. पुठ्ठ्यावर दोरे ताणून केलेली मिस्तर त्याखाली ठेवून बोटाने दाबले की ओळींचे वळ उठत. शाई काजळी आणि डिंकाची. दौतीत रेशमाचा बोळा असे, त्यामुळे बोरूला ती बेताची लागे. टोकाच्या तिरप्या कापावर अक्षराची जाडी-बारकी अवलंबून असल्याने कातिब बोरू कापण्याचे काम मन लावून करी. मजकूर लिहिताना तोच चित्रासाठी जागा सोडी. चित्राच्या चौकटीत दोन-चार बैत (काव्याच्या जोडओळी) ठेवून कथेतला नेमका क्षणही सुचवी. आज संग्रहालयांत सुटी टांगलेली पाने पाहताना हे ध्यानात येत नाही, आणि त्यात पोथीचे मोठे नुकसान होते.

काव्यासाठी नस्तालीक ही वळणदार, डावीकडे उतरत जाणारी लिपीशैली रूढ होत होती. तिचे श्रेय परंपरा मीर अली तब्रीझीला देते.

किताबखान्याचे दैनंदिन रूप एका अर्जदास्तीत (अहवालवजा अर्जात) टिकले आहे. जाफरची मानली जाणारी ही अर्जदास्त इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहात आहे. कोणत्या पोथीचे काम कोठवर आले, कोणाच्या हाती काय आहे, याचा तीत हिशेब आहे. एका कारागिराचे डोळे काही दिवस दुखत होते, हेही तीत नोंदले आहे. जिल्दसाजांबरोबर तंबू करणाऱ्यांसाठीही नक्षीचे आराखडे येथेच निघत.

पंचतंत्रातून अरबीमार्गे फार्सीत आलेल्या ‘कलिला व दिमना’ची १४२९ ची पोथी आणि १४३० चा ‘शाहनामा’ ही येथली ठळक कामे. हा शाहनामा तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात असून २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत दाखल झाला. बायसुंगुर स्वतः उत्तम खुशनवीस होता. मशहदच्या गौहरशाद मशिदीवरील लेख त्याच्या हातचा आहे.

त्याच्यानंतर हेरातमध्ये सुलतान हुसेन बायकराच्या दरबारी खुशनवीस सुलतान अली मशहदी व चित्रकार बिहजाद यांनी ही कला आणखी उंचावली. पुढे तबरीझचे सफवी, दिल्ली-आग्ऱ्याचे मोगल आणि दख्खनच्या सुलतानांनी सचित्र फार्सी पोथीची प्रथा आपापल्या रीतीने चालवली. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीपर ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या काव्याची सोळाव्या शतकातील सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.