शिसे, कथील आणि भाता

मुलीसाठी हवेची बंदूक घ्यायला करोल बागेत गेलो, तेव्हा अण्णाही बरोबर आले. त्यांना बंदुकीत रस नव्हता. बीडनपुऱ्यातली त्यांची जुनी गल्ली जवळ होती, म्हणून आले. दुकानदाराने रायफल काउंटरवर ठेवली, शेजारी छर्‍यांचा एक चपटा डबा ठेवला. अण्णांनी त्यातला एक छर्रा उचलला आणि बिलाच्या कागदाच्या कडेला ओढला. करडी रेघ उमटली.

"शिसं हाय हे," ते म्हणाले. "पोरगी हातानं भरनार व्हय रं हे?"

आम्ही मूळचे विट्याकडचे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळायला माणसे देशभर गेली. त्यांना गलाईवाले म्हणतात. करोल बागेत सराफी वाढली, तशी आमच्यासारखी घरेही तिथे आली. मराठी माणसाने दिल्लीत चांदी वितळवण्याची ती काही पहिली वेळ नव्हे. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून त्याची नाणी पाडली होती. आमचा कारभार मात्र पत्र्याखालच्या एका खोलीचा. हिणकस चांदी शुद्ध करायची जुनी रीत अशी, की ती शिशाबरोबर वितळवायची आणि वर हवेचा झोत मारायचा. शिसे जळते, इतर धातूंचा मळ बरोबर घेऊन राखेच्या मुशीत मुरते आणि चांदी मागे राहते. झोत मारायला भाता. वर उठणाऱ्या धुराला वाट नव्हती. पुढे अण्णांच्या पोटात कळा येऊ लागल्या, मनगटातले बळ गेले. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले, तर त्यात शिसे निघाले. आजही चहाची कपबशी ते दोन्ही हातांनी धरतात.

तेव्हा दुकानात दोन प्रश्न एकदम उभे राहिले. बंदूक कोणती आणि तिच्यात घालायचे काय.

पहिल्याचे उत्तर सोपे होते. आपल्याला माहीत असलेली छर्‍याची बंदूक जत्रेतली, फुगे फोडायची. नळी मोडायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, घोडा ओढला की दट्ट्या पुढे धावतो आणि हवा त्याच क्षणी दाबली जाते. छर्रा नळीतून सुटायच्या आधीच बंदुकीला हिसका बसतो. हवा आधीच भरून ठेवलेल्या रायफलीला हा हिसका जवळपास नसतो. नळीखालच्या टाकीत २०० बारपर्यंत हवा असते, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या नव्वदेक पट. झडप क्षणभर उघडते, मोजकी हवा सुटते. या टाकीवर तारीख असते आणि ती उलटली की स्पर्धेत चालत नाही. जुनी रायफल स्वस्तात घेणाऱ्याने आधी ती तारीख वाचावी.

हे तंत्र नवे वाटते, पण आहे जुने. १७८० च्या सुमाराला ऑस्ट्रियाच्या सैन्याने गिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल घेतली. दस्ता म्हणजेच हवेची टाकी, बाजूच्या नळीत वीसेक गोळ्या, आणि टाकी भरायला पंपाचे सुमारे दीड हजार दट्टे. त्याच दशकात महादजी शिंदे दिल्लीत वकील-ए-मुतलक झाले. त्यांच्या फौजेला एकेक गोळी ठासूनच भरावी लागे. अमेरिकेत लुईस आणि क्लार्क १८०४ साली पश्चिमेकडे निघाले, तेव्हा त्यांच्याकडेही अशीच रायफल होती असे मानतात. वाटेतल्या वस्त्यांना ते ती उडवून दाखवत. युद्धात मात्र ती टिकली नाही. चामड्याच्या गास्केटांतून हवा गळे, आणि रणांगणावर दीड हजार दट्टे मारणार कोण? हे सांगत मी अण्णांना हातपंप दाखवला. "भाताच की," ते म्हणाले.

गोळी मात्र तेव्हाही शिशाची आणि आजही. पेशवेकालीन कागदांत दारू आणि शिसे जोडीनेच येतात. हवेच्या बंदुकीने त्यातली दारू काढून टाकली, शिसे तसेच राहिले. दारू नसल्यामुळे धूर नाही, हे खरे. धोका उरतो तो बोटांवाटे तोंडात जाण्याचा. एका सरावात साठ-सत्तर छर्रे बोटांनी भरायचे आणि मग त्याच बोटांनी डबा उघडून पोळी खायची. पोटात गेलेले शिसे मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषते, आणि सुरक्षित म्हणावे असे प्रमाण जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. याच दिल्लीने १९९८ साली पेट्रोलमधले शिसे बंद केले. घरात ते डब्यातून आणायचे की नाही, हे आता मला ठरवायचे होते.

दुकानदाराने नाराजीनेच दुसरा डबा काढला. कथलाचे छर्रे. आपल्या स्वयंपाकघराने हा निकाल केव्हाच लावला आहे. पितळेच्या पातेल्याला कल्हई कथलाची. शिसे मिसळणारा कल्हईवाला लबाड समजला जाई. पण कथील शिशाच्या दहापटीहून महाग, हे दुकानदाराआधी अण्णांनीच सांगितले. शिवाय ते हलके. नेहमीचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा, हा ०.३४ चा. कडक असल्याने नळीच्या आट्यांत तितका नीट बसत नाही. दहा मीटरवरच्या निशाणाचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अंजली भागवत २००० साली सिडनीत अंतिम फेरीला पोहोचल्या, अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगमध्ये सुवर्ण घेतले, ते याच ठिपक्यावर. तिथे केसाएवढा फरकही गुण खातो. नियम शिशाचा किंवा तशाच मऊ पदार्थाचा छर्रा चालवून घेतात, म्हणजे कथलाला बंदी नाही. आमच्या प्रशिक्षकांचे म्हणणे मात्र स्पष्ट होते. शिसे वापरा, हात धुवा, विषय संपला.

रायफल घेतली. डबे दोन्ही घेतले. पहिल्या महिन्यात कथलाने मुलीचे गुण उतरले. चार भोके एकमेकांत मिसळायची, ती सुटी सुटी दिसू लागली. ती रडली. मी डगमगलो, हे कबूल करतो. शेवटी घरच्या गच्चीवर कथील आणि स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे रेंजवर शिसे, असे ठरले. शिशाचा डबा घरात येत नाही. रेंजवरून निघताना साबणाने हात, आणि त्यानंतरच पोळीचा डबा.

गच्चीवरच्या पेटीत चपटे झालेले छर्रे अण्णा संध्याकाळी गोळा करतात. एकेक कागदावर ओढून बघतात, रेघ उमटत नाही याची खात्री करतात आणि बरणीत टाकतात. पाव किलो झाले की आईच्या जुन्या पातेल्याला कल्हई करू म्हणतात. नवसागर आणून ठेवला आहे. पातेल्याला हात लावू द्यायला माझी बायको अजून तयार नाही.