चतुःसीमा

माझ्या भावाची नात मिहानमध्ये नोकरी लागून पुण्याहून आली आणि सुरुवातीचे पंधरा दिवस आमच्याकडे नागपूरच्या महाल भागात राहिली. तिसऱ्या दिवशी तर्री पोहे खाताना म्हणाली, "आबा, नागपुरात राहायला चांगला एरिया कोणता?"

"कशापासून लांब राहायचंय तुला?" मी विचारलं.

तिला तो म्हाताऱ्याचा तिरकसपणा वाटला. पण मी अर्जनवीस. सिव्हिल लाइन्सला झाडाखाली टाइपरायटर ठेवून चाळीसवर वर्षं विक्रीपत्रं, बक्षीसपत्रं, इसारचिठ्ठ्या लिहिल्या. एवढ्या वर्षांत लोकांनी मला जागा का घेतली ते कधी नीट सांगितलं नाही, जुनी का सोडली ते मात्र अर्धा अर्धा तास सांगत बसले. भावाभावांत विहिरीवरून भांडण. वाड्यात अकरा बिऱ्हाडं आणि एक संडास. पोराला शिकायला कोपरा नाही. इथली रामदासपेठ ही वस्तीही अशीच वसली आहे, कशापासून तरी लांब जायला.

जुन्या नागपुरात एरिया निवडायचा प्रश्न नव्हता. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास बारा खेडी जोडून शहर वसवलं, मुलगा चांद सुलतान याने भोवती तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला, म्हणजे आजचा गांधीसागर. पुढे भोसल्यांची गादी आली. माणूस काय काम करतो यावर तो कुठे राहणार ते ठरायचं. मूर्ती करणारे चितार ओळीत, वाड्यावर कारकुनी करणारे महालात, विणकर गोळीबार चौक आणि तांडापेठेकडे. बाजाराच्या वारावरून वस्तीला नाव पडे, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी. पुण्यात रविवार पेठ म्हणतात, आमच्याकडे इतवारी. हिंदी मुलुखाशी शेजार असल्याचं हे असं तोंडातून कळतं. जन्मलो त्या गल्लीतून मसणात जायचं, मध्ये फार तर सासुरवाडीला चार दिवस.

1854 साली डलहौसीने राज्य खालसा केलं, 1861 ला मध्य प्रांत झाला, 1867 ला मुंबईहून आगगाडी आली. त्या रुळांनी शहराचे दोन भाग झाले ते आजतागायत तसेच आहेत. पूर्वेला महाल, इतवारी, पाचपावली. पश्चिमेला बर्डी, म्हणजे सीताबर्डी, किल्ला, साहेबाचे बंगले. माझ्या लहानपणी आई म्हणायची, "लाइनीच्या पल्याड गेला का?" लोहापुलाखालून सायकल घातली की हवाच बदलल्यासारखी वाटायची. खरं तर झाडं जास्त होती, एवढंच.

मग शिकलेल्यांची पिढी आली. वकील, प्रोफेसर, सेक्रेटरिएटमधले कारकून. 1923 ला विद्यापीठ झालं, 1936 ला हायकोर्ट. रोज महालातून सिव्हिल लाइन्सला पायी किंवा टांग्याने जाणारा माणूस किती दिवस जाईल? त्यातच विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्लेगने लोकांना गावाबाहेर झोपड्या करून राहायला लावलं होतं, तेव्हापासून मोकळ्या हवेची गोडी लागली ती गेली नाही. 1915 साली पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश विद्वान नागपूरच्या नगररचनेवर म्युनिसिपालटीला अहवाल देऊन गेला. जुन्या वस्त्या पाडून सरळ रस्ते काढायच्या तो विरोधात होता. वाडे पाडले नाहीत तेही बरंच झालं, पण ज्यांना जमलं ते लाइन ओलांडून निघाले. धंतोली भरली. 1920 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन जिथे भरलं तिथे काँग्रेसनगर झालं. वर्धा रोडच्या पश्चिमेला, नाग नाल्याच्या अलीकडे, रामदासपेठ.

आम्हा अर्जनविसांना ती रामदासपेठ म्हणून नंतर कळते. आधी ती मौजा लेंड्रा. आजही तिथला कागद काढा, आखीव पत्रिकेवर मौज्याचं नाव पहिल्यांदा दिसेल. गाव कधीच गेलं, कागदात राहिलं. लेंड्रा पार्क म्हणणाऱ्या किती जणांना माहीत असेल की ते एका खेड्याचं नाव घेत आहेत?

आता चतुःसीमा म्हणजे काय ते सांगतो. 1908 च्या नोंदणी कायद्यात एकविसावं कलम आहे. शहरातलं घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते लिहा, नंबर असला तर लिहा आणि आता तिथे कोण राहतं, आधी कोण राहत होतं तेही लिहा, असं ते सांगतं. इंग्रजाने हे कायद्यात घातलं याचं मला नेहमी कौतुक वाटत आलं. घर ओळखायचं ते माणसांवरून. म्हणून प्रत्येक दस्तात आम्ही चारही बाजू लिहितो: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक.

रामदासपेठेतल्या एकाच प्लॉटचे तीन दस्त माझ्या हाताखालून गेले. पहिला माझा नाही, ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या काकांच्या वहीतला, चाळीसच्या दशकातला. मोडी वळणाची देवनागरी, शाई तपकिरी झालेली. पूर्वेस वीस फुटी रस्ता. पश्चिमेस शेत. दक्षिणेस रिकामा प्लॉट. उत्तरेस नाला. चारही बाजूंना एकही माणूस नाही. काका सांगत, घेणारा वकील सही करताना म्हणाला होता, "बायको म्हणते चोर येतील, मी म्हणतो आधी चोराला पत्ता तर सापडू दे."

किराणा आणायला बर्डीला जावं लागे. नावात पेठ, पण पानठेलासुद्धा नाही. काचीपुऱ्यातली बाई टोपलीत भाजी घेऊन दारावर येई तेवढाच बाजार. रात्री नाल्यापलीकडून महाराजबागेतला वाघ ओरडे. 1894 पासूनचं ते प्राणिसंग्रहालय. नवीन सुना पहिल्या रात्री घाबरत, असं काका रंगवून सांगत. थोडं तिखटमीठ असेल.

1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. नागपूरची राजधानी गेली आणि कितीतरी अधिकारी, कारकून भोपाळला नाहीतर मुंबईला गेले. काका म्हणत, त्या वर्षी विक्रीपत्र लिहिताना लोक रडायचे. रामदासपेठेत फाटकावरच्या पाट्या बदलल्या, साहेब गेले आणि डॉक्टर आले.

दुसरा दस्त मी लिहिला, 1974 चा. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस डॉक्टरांचा बंगला, दक्षिणेस निवृत्त मुख्याध्यापकांचं घर, उत्तरेस नाला. त्या घराच्या व्हरांड्यात बसूनच मसुदा केला होता. मे महिना, बाहेर 45 अंश, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या आणि एक पोरगा डब्याने त्यांच्यावर पाणी मारतोय. मसुदा वाचून दाखवताना दक्षिणेचे मुख्याध्यापक कुंपणावरून डोकावले आणि म्हणाले, "माझं नाव बरोबर लिहा, मधलं अक्षर दीर्घ आहे." मी दीर्घ केलं. एवढा प्रामाणिक दस्त मी पुन्हा लिहिला नाही.

तिसरा 1996 चा. बंगला पाडून चार माळ्यांची इमारत झाली होती. आमच्याकडे असे फ्लॅट 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली विकतात, जमिनीत अमुक टक्के अविभक्त हिस्सा. बिल्डरच्या माणसाने छापील मसुदा समोर टाकला. पूर्वेस जिना. पश्चिमेस मार्जिनची मोकळी जागा. दक्षिणेस फ्लॅट नंबर 302. उत्तरेस मोकळी जागा. मी विचारलं, "302 मध्ये कोण?" तो म्हणाला, "अजून विकून राहिलो न काका, तुम्ही फक्त स्टॅम्प पाहा." नालासुद्धा काढून टाकला होता त्याने.

जे टाळायला लोक इथे आले तेच मागोमाग आलं, याला रामदासपेठेचा काही गुन्हा नाही. बर्डीला चिकटून, वर्धा रोडला लागून असलेली जागा शांत कशी राहणार? दवाखाने आले, दवाखान्यांमागे औषधाची दुकानं, लॉज, गाड्या. सेंट्रल बाजार रोड हे नाव तर चक्क पेठेच्या मधोमध. बाजारापासून लांब आलेल्यांची नातवंडं आता बेसा-मनीषनगरला फ्लॅट बघतात, हवा मोकळी आहे म्हणून. आणि महालात मी बसलोय तिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, गल्ली दोन तास बंद होते, तेव्हा शिव्या घालतो आणि गॅलरीतून हलत नाही.

पोरीचा हिशेब मात्र वेगळा निघाला. 2019 पासून मेट्रो बर्डीहून खापरीकडे, म्हणजे तिच्या ऑफिसच्या बाजूला जाते, काँग्रेसनगरला स्टेशन आहे. "ऑफिसपासून नाही, गाडी चालवण्यापासून लांब राहायचंय मला," ती म्हणाली. मला उत्तर पटलं. तिला रामदासपेठेत एक फ्लॅट भाड्याने मिळत होता, तिसरा माळा. एजंटने फोनवर फोटो दाखवले, खिडकीतून हिरवी झाडं. झाडं कशाच्या काठावर आहेत ते फोटोत नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं गेलो. ती लिफ्टकडे वळली, मी चौकीदाराकडे. "23 सप्टेंबरच्या पहाटे पाणी कुठवर आलं होतं रे?" 2023 ची ती पहाट, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरात शिरली. आम्ही तिला नाला म्हणत होतो त्याचा राग असावा. चौकीदाराने पार्किंगच्या खांबावर गुडघ्याच्या वर हात ठेवला. रंग नवीन होता, पण खालचं प्लास्टर फुगलेलं.

"तिसरा माळा आहे आबा," पोरगी म्हणाली.

"तुझी स्कूटी नाही तिसऱ्या माळ्यावर."

फ्लॅट चांगला होता, हवेशीर. एजंटने अकरा महिन्यांच्या कराराचा मसुदा काढला. मी चष्मा लावून वाचला. भाडं, डिपॉझिट, वीजबिल, पाळीव प्राणी, सगळं होतं. चतुःसीमा नव्हती. मी पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला सवयीने लिहायला लागलो. उत्तरेस नाग नदी, हे आधी. पूर्वेस जिना. पश्चिमेस मोकळी जागा, तिथे कुणाचा तरी कुलर ठिबकत होता. दक्षिणेला दार होतं, पाटी नव्हती.

मी बेल दाबली. एजंट म्हणाला, "काका, काहून त्रास देऊन राहिले?" आतून चपला घासत यायचा आवाज आला. साठी उलटलेल्या एका बाईने साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"कोण?"

"शेजारी राहायला येतेय ही. मी महालातून आलोय."

साखळी निघाली. "महालात कुठं? बडकस चौकाकडं का चितार ओळीकडं?"