काहीशी चिबड, बरीचशी काळी: फ्लॅनगन मातीची कुळकथा

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने १९६९ मध्ये अर्बाना इथे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय बांधलं, ते जमिनीखाली दोन मजले. शेजारी मक्याचं एक छोटं शेत होतं आणि उंच इमारतीची सावली त्यावर पडली असती. हे शेत म्हणजे मॉरो प्लॉट्स. १८७६ पासून तिथे पिकांचे प्रयोग अखंड चालू आहेत. अमेरिका खंडात याहून जुनं प्रयोगाचं शेत नाही, जगात इंग्लंडचं रॉथमस्टेड तेवढं वडील. मक्याचं इतकं कौतुक होत असताना त्याच्या पायाखालच्या मातीचं नाव फारसं कुणी विचारत नाही. ती आहे फ्लॅनगन. लिव्हिंग्स्टन काउंटीतल्या एका छोट्या गावाचं नाव तिला मिळालं आहे. मृदा सर्वेक्षणाच्या दप्तरात निचऱ्याच्या रकान्यात तिच्यापुढे शेरा आहे: निचरा काहीसा अपुरा.

जगातल्या अत्यंत सुपीक मातींपैकी एक, आणि शेरा नापास व्हायच्या बेतातल्या मुलासारखा. पण हा शेरा दोष म्हणून वाचू नये. तो मातीच्या जन्माचा दाखला आहे. ही माती काळी झाली ती अर्धवट ओली राहिली म्हणूनच.

कुळाचा पहिला पुरुष बर्फ. साधारण वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वी कॅनडाकडून सरकत आलेल्या हिमस्तराची एक जीभ मिशिगन सरोवराच्या खोलगटातून उतरून मध्य इलिनॉयपर्यंत पोचली होती. शेकडो मीटर जाडीच्या बर्फाने वाटेतला चुनखडक, डोलोमाइट, शेल खरवडले, भरडले आणि वितळताना ते सगळं जिथल्या तिथे टाकून दिलं. नदी गाळ निवडून टाकते: जड खडे आधी, बारीक माती शेवटी. बर्फाला निवडानिवड ठाऊक नाही. चिकणमाती, वाळू, गोटे आणि दूर उत्तरेतून आलेला एखादा ग्रॅनाइटचा धोंडा, सगळं एकात एक. भूशास्त्रज्ञ याला टिल म्हणतात. बर्फाच्या भाराखाली दाबला गेलेला हा थर घट्ट असतो, पाण्याला पटकन खाली जाऊ देत नाही. त्यातून बर्फाने मागे ठेवलेला प्रदेश सपाट आणि, भूशास्त्राच्या हिशेबात, कालचा. ओढे-नाले कोरून काढायला त्याला सवडच मिळालेली नव्हती. वर्षाला मीटरभर पाऊस आणि वाहून जायला वाट नाही, अशी स्थिती.

दुसरा पूर्वज वारा. वितळणाऱ्या बर्फाचं पाणी मिसिसिपी आणि इलिनॉय नद्यांतून लोंढ्याने वाहायचं. हिवाळ्यात पाणी ओसरलं की पात्रातला पिठासारखा बारीक गाळ उघडा पडायचा आणि पश्चिमेचा वारा तो उचलून पूर्वेला पसरायचा. या वाऱ्याच्या मातीला लोएस म्हणतात. नदीकाठी तिचे थर कित्येक मीटर जाड, आणि नदीपासून दूर जावं तसे पातळ होत जातात. फ्लॅनगनच्या मुलखात ते एक ते दीड मीटरच उरतात. गाय स्मिथ या मृदाशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये इलिनॉयच्या लोएसवर एक पुस्तिका लिहिली. ही जाडी कशी घटते आणि तिच्याबरोबर मातीचे गुण कसे बदलतात, हे त्यात दाखवलं होतं. पुढे याच स्मिथच्या नेतृत्वाखाली अमेरिकेची मृदा-वर्गीकरणाची पद्धत तयार झाली, १९७५ ची. आज अनेक देशांत मातींना ज्या पद्धतीने नावं दिली जातात, तिच्या मुख्य शिल्पकाराने मातीचे धडे इथे गिरवले होते.

तर खाली टिल, वर लोएस. पण याला अजून माती म्हणता यायचं नाही. त्यात जीव घातला गवताने. बर्फानंतर आधी स्प्रूसची जंगलं आली, मग पानगळीची. काही हजार वर्षांपूर्वी हवा कोरडी आणि उबदार झाली तशी पश्चिमेकडून गवताळ प्रदेशाची, म्हणजे प्रेअरीची, एक जीभ इलिनॉयमध्ये घुसली. पुढे पाऊस वाढला, तरी झाडं परतली नाहीत. याचं मोठं कारण आग. किकापू, पोटावाटोमी आणि इलिनॉय या मूलनिवासी समूहांतले लोक शिकारीसाठी गवत पेटवत. झाडाचं रोप आगीत मरतं, गवत मुळातून पुन्हा उठतं. बिग ब्लूस्टेम नावाचं गवत उन्हाळ्याच्या अखेरीस माणसाहून उंच होतं आणि त्याची मुळं दोन मीटरपर्यंत खाली जातात. दरवर्षी यातल्या मुळांचा एक वाटा जमिनीतच मरतो.

इथेच अर्धवट ओलीचं काम सुरू होतं. हिवाळ्यात जमीन गोठलेली. वसंतात बर्फ वितळतो, पाऊस लागतो, ऊन कोवळं. भूजल पृष्ठभागापासून फूट-दोन फुटांवर येऊन थांबतं. हवा नाही म्हणून जिवाणू सुस्त, मेलेली मुळं कुजायला वेळ लागतो. जून-जुलैत गवत पाणी ओढून घेतं, भूजल खाली जातं, हवा आत शिरते आणि नवी मुळं पुन्हा खोल उतरतात. माती सदोदित बुडालेली असती तर दलदल झाली असती आणि मुळं वरवरच राहिली असती. सदोदित कोरडी असती तर कुजण्याने सगळं खाऊन टाकलं असतं. या मधल्या अवस्थेत काही हजार वर्षं गेली आणि वरचा सुमारे दीड फुटांचा थर काळा झाला. त्यात सेंद्रिय पदार्थ चार-पाच टक्के, म्हणजे सेंद्रिय कर्ब अडीच टक्क्यांच्या आसपास.

विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी म्हणेल, काळी जमीन आम्हाला काय नवी. पण आपली रेगूर बसाल्टची लेक. तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो. थोडाच ह्यूमस चिकणमातीला घट्ट धरून बसतो आणि तेवढ्यावर रंग गडद दिसतो. फ्लॅनगनचं काळेपण खऱ्याखुऱ्या साठ्याचं आहे. दोघींत एक नातं मात्र आहे. ओली झाली की फुगणारी स्मेक्टाइट जातीची चिकणमाती दोन्हीकडे आहे, रेगूरमध्ये भरपूर, फ्लॅनगनमध्ये बेताची.

फ्लॅनगनमध्ये हातगिरमिट घालून तीन-चार फुटांचा नमुना काढला, तर काळ्या थराखाली तपकिरी माती लागते आणि तिच्यात करडे डाग नि नारिंगी ठिपके. पाणी भरून हवा संपली की काही जिवाणू श्वसनासाठी मातीतलं लोखंड वापरतात. त्या रूपातलं लोखंड पाण्यात विरघळतं आणि जागा सोडतं. मागे करडा रंग उरतो. पाणी उतरून हवा आली की तेच लोखंड दुसरीकडे गंजाच्या रूपाने बसतं. हे ठिपके किती खोलीपासून सुरू होतात, यावरून सर्वेक्षक भूजल दरवर्षी कुठवर चढत असे ते सांगतो. शेजारच्या किंचित उंचवट्यावर कॅटलिन माती, तिच्यात ठिपके खोल. सखल भागात ड्रमर, तिच्यात करडेपण काळ्या थराच्या लगेच खाली. फ्लॅनगन दोघींच्या मध्ये. उतारातला फरक डोळ्यांना कळतही नाही, पाण्याला कळतो.

एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडून आलेल्या गोऱ्या वसाहतकारांना हा मुलूख आवडला नाही. किकापूंकडून मध्य इलिनॉयवरचा हक्क १८१९ च्या एडवर्ड्सव्हिल तहाने काढून घेतला गेला. १८३८ मध्ये इंडियानातल्या पोटावाटोमींना सैनिकांच्या पहाऱ्यात याच गवतातून कॅन्ससकडे पायी नेलं, वाटेत अनेक मुलं दगावली. मोकळी करून घेतलेली ही जमीन मग कितीतरी वर्षं तशीच पडून राहिली. जिथे झाड उगवत नाही तिथे पीक काय उगवणार, अशी समजूत होती. शिवाय चिखल, हिवताप आणि घोड्यांना सोलून काढणाऱ्या हिरव्या डोक्याच्या माश्या. वस्ती झाली ती झाडांच्या बेटांच्या कडेने. आतल्या गवतावर गुरं चरत.

पाठ्यपुस्तकं इथे जॉन डिअरला आणतात. १८३७ मध्ये ग्रँड डिटूर गावच्या या लोहाराने करवतीच्या पोलादी पात्याचा नांगर केला, त्याला चिकट माती धरून राहत नव्हती, आणि प्रेअरी फुटली. यात खोटं काही नाही, पण श्रेय फार एकतर्फी वाटलं गेलं. नांगराने मुळातच चांगला निचरा असलेल्या जमिनी फुटल्या. मध्य इलिनॉयचा सपाट ओला पट्टा त्यानंतरही चाळीसेक वर्षं थांबून होता. वाफसा येईपर्यंत पेरणीचे दिवस निघून जात असतील, तर पोलादी फाळ तरी काय करणार?

वाफसा आणला भाजक्या मातीच्या नळांनी. न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हाजवळ जॉन जॉन्स्टन नावाचा स्कॉटिश शेतकरी होता. त्याने १८३५ मध्ये मायदेशातून नळाचा नमुना मागवला आणि स्थानिक कुंभाराकडून तसे नळ करवून शेतात पुरले. हा माणूस भांडीकुंडी पुरतोय, म्हणून शेजारी हसले. त्याचा गहू पाहून हसायचे थांबले. फूटभर लांबीचे नळ तीन-चार फूट खोल चरात नुसते एकापुढे एक ठेवायचे. पाणी शिरतं ते दोन नळांमधल्या फटीतून. नळ काढून नेतात ते फक्त गुरुत्वाने खाली उतरणारं जादा पाणी. मातीने कणांमध्ये धरून ठेवलेली ओल तिथेच राहते. वसंतात भूजल खाली ठेवलं की मक्याची मुळं खोल जातात, आणि ऑगस्टच्या उन्हात निचऱ्याच्या शेतातलं पीक चिबड शेतातल्या पिकापेक्षा जास्त तग धरतं. पाणी काढून टाकल्याने पीक दुष्काळाला पुरून उरावं, हे पटायला शेतकऱ्यांना वेळ लागला असेल तर नवल नाही.

इलिनॉयमध्ये ही लाट १८७० नंतर आली आणि नळांच्या शेकडो भट्ट्या उभ्या राहिल्या. अडचण वेगळीच होती. माझ्या शेतातलं पाणी तुझ्या शेतात येणार, तुझं त्याच्या. सपाट मुलखात एकट्याला निचरा करता येत नाही, शेवटी कुठेतरी सामाईक चर लागतोच. १८७८ मध्ये राज्याच्या घटनेत दुरुस्ती झाली, १८७९ मध्ये कायदे आले आणि निचरा जिल्हे स्थापन झाले. निचऱ्यासाठी कर बसवायचा अधिकार असलेल्या त्या छोट्या संस्था होत. स्वतंत्र बाण्याच्या या शेतकऱ्यांना सहकार पाण्याने शिकवला, असं मला तरी वाटतं. त्या राज्यात सुमारे सव्वादोन कोटी एकर प्रेअरी होती. तिच्यातली मूळ स्थितीत राहिलेली जागा आज अडीच हजार एकरांच्या आसपास आहे, तीही मुख्यतः रेल्वेच्या कडेला आणि जुन्या स्मशानांत.

दप्तरातला शेरा मात्र पुसला गेला नाही. नळ घालून शंभर वर्षं झाली तरी मातीतले करडे-नारिंगी डाग तसेच आहेत, आणि स्मिथच्या पद्धतीत कृत्रिम निचऱ्याची जमीनही मूळच्या ओलीनेच ओळखली जाते. फ्लॅनगनच्या शास्त्रीय नावात पाण्याचा उल्लेख आहे तो त्यामुळेच.

बदलली ती आतली शिल्लक. हवा वर्षभर खेळू लागली, नांगर दरवर्षी फिरू लागला, जिवाणूंना राखीव साठा मोकळा झाला. मॉरो प्लॉट्समध्ये दरसाल मकाच घेतलेल्या, खत न दिलेल्या तुकड्यात उत्पन्न आणि काळेपण दोन्ही घसरत गेलं. फेरपालट आणि शेणखत मिळालेले तुकडे बरेच सावरले. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या, म्हणजे मध्य-पश्चिम भागातल्या, शेतजमिनींनी मूळ सेंद्रिय कर्बातला तिसरा हिस्सा ते निम्मा गमावला, असा अंदाज मांडला जातो. कर्बाबरोबर नायट्रोजनही सुटतो. तो नायट्रेट होऊन, खतातल्या नायट्रेटसह, नळांतून नदीत उतरतो. सँगमॉन नदीवरच्या डिकेटर शहराच्या तलावात हे नायट्रेट १९७० च्या सुमारास इतकं वाढलं की ते खताचं की मातीचं, यावर शास्त्रज्ञांत जोराचा वाद झाला. तेच पाणी पुढे मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं आणि तिथे दर उन्हाळ्यात मोठ्या पट्ट्यातला प्राणवायू संपतो.

यावर इलिनॉय-आयोवात आता एक उपाय केला जातो. नळ जिथे चराला मिळतो तिथे, शेताच्या बांधाजवळ, लांब खड्डा खणतात, लाकडाच्या ढलप्यांनी भरतात, वर माती लोटतात आणि नळाचं पाणी त्यातून फिरवतात. ढलप्या पाण्यात बुडाल्या की हवा संपते. मग जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. नळ घालण्याआधी वसंतातल्या ओल्या जमिनीत हेच काम फुकट चालत असे. आता त्यासाठी खड्डा खणावा लागतो, आणि काही वर्षांनी ढलप्या कुजल्या की त्या बदलाव्याही लागतात.