गिरणीला वीज हवीय, पण धरणाची किंमत कोण मोजणार?

घरी नवं मीटर हवं असेल तर काय करतो आपण? अर्ज, पैसे, मग वायरमन येतो. झालं. पण एका गावाला पुरेल इतकी वीज एकट्याला मागणारं गिऱ्हाईक आलं तर? कंपनी काय करते?

उत्तरासाठी मी तुम्हाला शंभरेक वर्षांपूर्वीच्या मुंबईत नेतो. परळ-लालबागच्या कापडगिरण्या तेव्हा कोळशावर चालायच्या. गिरणीचं स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःची चिमणी. १९१० साली टाटांनी जलविद्युत कंपनी काढली. लोणावळा, वळवण, शिरवता इथे पावसाचं पाणी अडवायचं, पाइपांतून घाटाखाली खोपोलीला सोडायचं आणि तिथे तयार झालेली वीज तारांवरून मुंबईला आणायची. ८ फेब्रुवारी १९१५ ला हे सुरू झालं.

आता खरी गोची बघा. धरण बांधायला वर्षं लागतात, ते फेडायला त्याहून जास्त. उद्या गिरणीला टाळं लागलं तर? आणि मालकाच्या बाजूने बघा: चालू इंजिन मोडीत काढलं आणि वीजच आली नाही तर? दोघांनाही भीती. म्हणून मोठ्या गिऱ्हाईकाशी कंपनी आधी करार करते, मग तार ओढते.

करारात पैसे कसे लावायचे, हे १८९२ साली इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन नावाच्या इंजिनिअरने मांडलं होतं. तो म्हणाला, खर्च दोन प्रकारचा असतो. एक, तुम्ही जितकी वीज वापरता तिचा. दुसरा, तुमच्यासाठी जी यंत्रं कायम तयार ठेवावी लागतात त्यांचा, मग तुम्ही बटण दाबा किंवा नका दाबू. आजही आपल्याकडे कारखान्याच्या बिलात युनिटच्या पैशांशिवाय 'डिमांड चार्ज' असतो, तो हाच. करारापेक्षा जास्त भार खेचला की दंड.

पण मोठ्या गिऱ्हाईकाच्या हातात एक हुकमी पत्ता असतो: "नाही जमत? आम्ही आमची बनवू." १९२५ ला मुंबईत विजेची लोकल धावली, आणि १९२९ पर्यंत जीआयपी रेल्वेचं स्वतःचं वीजघर ठाकुर्लीला उभं होतं. तुमच्या-माझ्याकडे हा पत्ता नाही.

आणि काहींना तर बोलणीच्या टेबलावर खुर्चीही नव्हती. मुंबईची भूक वाढत गेली. खोपोलीनंतर भिवपुरी, मग भिरा. भिऱ्याला पाणी हवं म्हणून मुळशीला धरण. तिथल्या मावळ्यांची शेतं, घरं बुडणार होती. १९२१ च्या एप्रिलमध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी. पुढे तीन वर्षं झुंज चालली. लोक तुरुंगात गेले. धरण तरी झालंच, आणि १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

गिरणी आणि कंपनी, दोघांनी आपापली जोखीम कागदावर नीट वाटून घेतली होती. मुळशीकरांची जोखीम त्या कागदावर कुणी लिहिलीच नाही.

आज नवी मुंबईत डेटा सेंटर उभी राहतायत, तुमचे रील्स अशाच ठिकाणी साठवले जातात. त्यांनाही प्रचंड वीज लागते. तेव्हा पुढच्या वेळी "अमुक मेगावॅटची मागणी मंजूर" अशी बातमी दिसली, तर तीन गोष्टी विचारा. तार कुणाच्या पैशाने? गिऱ्हाईक निघून गेलं तर बिल कुणावर? आणि जमीन, पाणी कुणाचं?

तुमच्या गावाजवळ असं काही घडतंय का? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात.